कॉपी केलेला फोटो खरोखर पोहोचला का?




वसतिगृह, आरोग्य शिबिरे आणि वस्तीवरचे अभ्यासवर्ग यांचे वृत्त आपण दर अंकात वाचता. या वेळी त्याच्या जोडीला संगणकाविषयी एक लेख देत आहोत. आपल्यापैकी काहींनी आपले जुने संगणक खुलताबादच्या कार्यालयाला दिले आहेत. काहीजण भेटीच्या वेळी काढलेले फोटो पाठवतात, आणि मंडळ्यांतील तरुण सुटीत येऊन कागदपत्रांच्या कामाला हातभार लावतात. त्या सर्वांना ही माहिती उपयोगी पडेल. ती लिहावीशी वाटली याचे कारण मात्र एक चूक आहे, आणि ती आमच्याच हातून झाली.

एका कागदाची गोष्ट

डोंगराकडच्या एका भिल्लवस्तीतील मुलगी यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते छत्रपती संभाजीनगरच्या तपासणी समितीकडून मिळवावे लागते. समितीपुढे घराण्याचे जुने पुरावे ठेवायचे असतात. त्यातही ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या कागदाला मोठे वजन असते, कारण अनुसूचित जमातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे.

आपल्या भागात असा कागद मिळणे सोपे नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारी दफ्तर बहुतांशी उर्दूत, आणि साल फसली. शिवाय त्या काळी भिल्लाचे मूल शाळेत जाणे ही नवलाची गोष्ट होती. या मुलीचे पणजोबा मात्र काही महिने शाळेत गेले होते. त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा एक जुना उतारा तिच्या चुलत्यांच्या पत्र्याच्या पेटीत होता. साल फसली १३५२, म्हणजे इसवी सन १९४२-४३. 'कौम' या रकान्यात एक छोटासा शब्द होता. सगळे त्या एका शब्दावर अवलंबून होते.

दिवाळीच्या आधी चुलते तो कागद घेऊन कार्यालयात आले. कागद सोडून जायला ते तयार नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते. आमच्या एका सेवकाने आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि उर्दू वाचणाऱ्या एका सेवानिवृत्त गुरुजींना मेसेजवर पाठवला. मग कागद नीट स्कॅन केला. चुलते कागद घेऊन परतले आणि दिवाळी होताच टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेले. घराला कुलूप, पेटीला कुलूप, आणि किल्ल्या त्यांच्या कमरेला.

अर्ज ऑनलाइन भरायच्या दिवशी गडबड होती. एसटीची वेळ झाली होती. स्कॅनची फाइल संगणकावरून 'कट' करून पेन ड्राइव्हवर 'पेस्ट' केली, पट्टी पूर्ण झालेली दिसताच पेन ड्राइव्ह ओढून काढला आणि मुलीच्या वडिलांबरोबर आमचा माणूस संभाजीनगरला गेला. तिथे फॉर्म भरण्याच्या दुकानात फाइल उघडली, तर कागदाचा वरचा भाग स्वच्छ आणि खालचा सगळा करडा पडदा. 'कौम'चा रकाना त्या करड्या भागात गेला होता. कार्यालयात फोन केला, तर संगणकावरच्या फोल्डरमध्ये फाइलच नव्हती.

वडील एवढेच म्हणाले, "भाऊ, कागद तर तुमच्या मशिनीत ठेवला होता ना?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे शिकलो, ते पुढे सांगत आहोत.

आपल्या संगणकांवर लिनक्स का?

आपण दिलेले बहुतेक संगणक आठ-दहा वर्षांपूर्वीचे आहेत. विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ अशा बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. यंत्रे धडधाकट असताना ती भंगारात घालणे मनाला पटेना. म्हणून त्यांवर लिनक्स मिंट घातले. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढवला, आणि तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. लायसन्सचा जो पैसा वाचतो तो वसतिगृहाच्या धान्याला उपयोगी पडतो.

विंडोजवर हात बसलेल्याला लिनक्स परके वाटत नाही. कंट्रोल आणि सी दाबले की कॉपी, कंट्रोल आणि एक्स म्हणजे कट, कंट्रोल आणि व्ही म्हणजे पेस्ट. माऊसचे उजवे बटण दाबले तरी हीच नावे दिसतात. अडचण बटणांची नसते. बटण दाबल्यावर आत काय होते हे ठाऊक नसले म्हणजे घोटाळा होतो.

कॉपी म्हणताच काय होते?

फोल्डरमध्ये एखाद्या फोटोवर क्लिक करून कॉपी म्हटले की फोटो कुठेतरी उचलून ठेवला गेला असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. त्या क्षणी संगणक फक्त फाइलचा पत्ता टिपून घेतो, म्हणजे ती कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने आहे एवढेच. जणू चिठ्ठीवर घराचा पत्ता लिहिला. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन पेस्ट म्हटले की मग संगणक त्या पत्त्यावर जातो, फाइल वाचतो आणि तिची जुळी प्रत तयार करतो.

म्हणून कॉपी म्हटल्यावर आणि पेस्ट म्हणण्याआधी मूळ पेन ड्राइव्ह काढला, किंवा मूळ फाइलचे नाव बदलले, तर पेस्ट होत नाही. चिठ्ठी हातात असते, पण त्या पत्त्यावर घर नसते. याच कारणाने कधीकधी पत्र लिहिताना फोटो पेस्ट करायला जावे तर फोटोऐवजी फाइलच्या पत्त्याची एक लांबलचक ओळ उमटते. संगणक बिघडलेला नसतो. चिठ्ठीवर जे होते तेच त्याने दिले. लिब्रेऑफिसमध्ये पत्रात फोटो घालायचा असेल तर वरच्या 'इन्सर्ट' यादीतून 'इमेज' निवडावे आणि फाइल दाखवावी.

फाइलची कॉपी आणि चित्राची कॉपी

दुसरा एक प्रकार आहे. फोटो उघडून, म्हणजे तो पडद्यावर मोठा दिसत असताना, किंवा इंटरनेटच्या पानावर त्याच्यावर उजवे क्लिक करून 'कॉपी इमेज' म्हटले, तर संगणक फाइलचा पत्ता घेत नाही. तो चित्राचे रंगीत ठिपके घेतो. हे चित्र पत्रात किंवा पोस्टरमध्ये लगेच पेस्ट होते. पण फोल्डरमध्ये जाऊन पेस्ट म्हटले तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण फोल्डरला फाइल हवी असते आणि आपल्या हातात फक्त ठिपके असतात. शिवाय ज्या प्रोग्रॅममधून चित्र घेतले तो बंद केला तर घेतलेले चित्रही पुष्कळदा हातचे जाते. म्हणून पेस्ट होईपर्यंत तो उघडा ठेवावा.

या दोहोंत आणखी एक मोठा फरक आहे. मोबाईलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज इतर नोंदी असतात. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे त्यात लिहिलेले असते. लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. फाइलची कॉपी केली तर या सगळ्या नोंदी जशाच्या तशा येतात. चित्राची कॉपी केली तर त्या सहसा मागे राहतात.

मग वापरावे काय? नियम साधा आहे. कागदपत्राचा किंवा कामाच्या नोंदीचा फोटो असेल तर नेहमी फाइल कॉपी करावी. एखाद्या पत्रिकेत, पोस्टरमध्ये फक्त चित्र हवे असेल तर चित्र कॉपी केलेले चालते.

पट्टी पूर्ण झाली तरी हात आवरा

आता आमची चूक. पेन ड्राइव्हवर फाइल पेस्ट करताना एक पट्टी पुढे सरकताना दिसते. ती पूर्ण झाली म्हणजे काम संपले असे आम्ही मानले. पण लिनक्स पुष्कळदा फाइल आधी स्वतःच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये घेतो आणि मग सवडीने पेन ड्राइव्हवर लिहितो. पेन ड्राइव्ह संथ असतो आणि संगणकाला खोळंबून राहायचे नसते, म्हणून ही सोय आहे. धान्याची पोती गाडीतून उतरवून ओट्यावर ठेवली तरी कोठारात जायची बाकी असतात, तसेच हे. त्या वेळी पेन ड्राइव्ह ओढून काढला की जेवढे आत गेले तेवढेच राहते. फोटोची फाइल वरून खाली लिहिलेली असते, म्हणून वरचा भाग दिसतो आणि खालचा करडा पडतो.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला पेन ड्राइव्हच्या नावापुढे वर टोक असलेली बाणाची छोटी खूण असते. तिच्यावर क्लिक करावे, किंवा उजवे क्लिक करून 'इजेक्ट' अथवा 'सेफली रिमूव्ह' म्हणावे. लिहायचे काही राहिले असेल तर संगणक थांबायला सांगतो. पेन ड्राइव्ह काढायला हरकत नाही असा संदेश आला, किंवा यादीतून त्याचे नाव गेले, की मगच हात लावावा. वीज जाण्याची भीती असेल तर हे जास्तच जपावे.

कट नको, कॉपी

दुसरी चूक कट करण्याची. एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल हलवायची असेल तर कट-पेस्ट ठीक आहे. तिथे फाइल जागची हलत नाही, फक्त तिची नोंद बदलते. पण संगणकावरून पेन ड्राइव्हवर कट-पेस्ट केले तर संगणक आधी प्रत बनवतो आणि मग मूळ फाइल पुसून टाकतो. प्रत अजून ओट्यावरच असते आणि मूळ पुसले गेलेले असते. त्या क्षणी पेन ड्राइव्ह काढला तर दोन्हीकडून हात रिकामे. आमचे अगदी तसेच झाले.

म्हणून कार्यालयात आता भिंतीवर लिहून लावले आहे: बाहेर न्यायचे ते कॉपी करायचे, कट नाही. मूळ फाइल पुसायची असेल तर प्रत उघडून पाहिल्यावर, दुसऱ्या दिवशी.

माऊसने फाइल ओढून नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. त्याच डिस्कवर ओढली तर फाइल हलते आणि दुसऱ्या डिस्कवर ओढली तर तिची कॉपी होते. ओढताना कंट्रोलचे बटण दाबून धरले तर दोन्हीकडे कॉपीच होते. चुकून भलतीकडे गेली तर घाबरू नये. लगेच कंट्रोल आणि झेड दाबले की फाइल मॅनेजर बहुतेक वेळा शेवटची कृती मागे घेतो.

नावांचे घोटाळे

शिबिराहून चारजण फोटो आणतात आणि पुष्कळदा चौघांच्या कॅमेऱ्यांनी दिलेली नावे सारखीच असतात. एकाच फोल्डरमध्ये पेस्ट करताना त्या नावाची फाइल आधीच असेल तर संगणक विचारतो. 'रिप्लेस' म्हटले तर जुना फोटो जाऊन नवा बसतो. 'स्किप' म्हटले तर नवा येतच नाही. घाईत 'सगळ्यांना हेच लागू करा' या चौकटीवर खूण केली तर एका क्लिकमध्ये अख्ख्या शिबिराचे फोटो जाऊ शकतात. म्हणून प्रत्येकाच्या फोटोंचा वेगळा फोल्डर करावा, आणि त्याला आधी तारीख व मग वस्तीचे नाव द्यावे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

नावे मराठीत देता येतात. एवढे लक्षात ठेवावे की लिनक्समध्ये फाइलचे नाव साधारण २५५ बाइटपर्यंत चालते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. आमच्या एका मदतनीस ताईंनी फाइलच्या नावातच संपूर्ण कुटुंबाची माहिती लिहिली होती, ती याच कारणाने जतन होत नव्हती. इंग्रजी नावांत लहान-मोठी लिपी लिनक्सला वेगळी वाटते, पण बऱ्याच पेन ड्राइव्हना ती एकच वाटते. तसेच नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर लिनक्सची हरकत नसते, पण पेन ड्राइव्हवर कॉपी करताना ते अडते किंवा नाव बदलते. अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावर भागवावे.

मेसेजवरचा फोटो आणि हरवलेले नुक्ते

आता त्या कागदाकडे परत येऊ. पेन ड्राइव्हवरची प्रत अर्धी होती. गुरुजींना मेसेजवर पाठवलेला फोटो पूर्ण होता, पण त्यांचे उत्तर आधीच आले होते: "अक्षरांची वळणे दिसतात, नुक्ते दिसत नाहीत."

उर्दू लिपीत नुक्त्याला फार महत्त्व आहे. 'बे', 'पे' आणि 'ते' या अक्षरांचा आकार एकच. खाली एक नुक्ता असेल तर बे, खाली तीन असतील तर पे, वर दोन असतील तर ते. 'भील' हा शब्द बे पासून सुरू होतो आणि त्यातल्या 'ये'लाही खाली दोन नुक्ते असतात. नुक्ते गेले तर तो शब्द काय आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि मेसेजवर साधा फोटो म्हणून पाठवले की लवकर जावा म्हणून त्याचा आकार कमी केला जातो. माणसांचा चेहरा त्यातही ओळखू येतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या फिक्या शाईचा नुक्ता मात्र राहत नाही. त्याबरोबर तारखेच्या नोंदीही जातात. असा फोटो पुढे कितीही नीट कॉपी केला तरी गेलेले परत येत नाही. त्यामुळे कागदाचा फोटो मेसेजवर पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा, म्हणजे फाइल मूळ आकारात जाते.

तो फोटो काढणारा सेवक तेव्हा सुटीवर गावी गेला होता. पाच दिवसांनी तो परतला. त्याच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो तसाच होता.

या वेळी आम्ही घाई केली नाही. मोबाईल केबलने संगणकाला जोडला. जोडल्यावर मोबाईल सहसा फक्त चार्ज होतो, म्हणून त्याच्या पडद्यावरच्या सूचनेतून 'फाइल ट्रान्सफर' निवडले. मग मोबाईलचे नाव फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला दिसले. त्यातला 'डीसीआयएम' आणि त्यातला 'कॅमेरा' फोल्डर उघडून फाइल कॉपी केली आणि संगणकावरच्या फोल्डरमध्ये पेस्ट केली. मग दोन्हीकडच्या फाइलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार पाहिला. आकडा जुळला. फाइल उघडली, मोठी केली, अगदी खालच्या कडेपर्यंत सरकवून पाहिली. गुरुजी स्वतः कार्यालयात आले, चष्मा पुसून पडद्याजवळ बसले, आणि 'कौम'च्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला: "भील."

मुलीचे वडील मागे उभे होते. त्यांनी तो शब्द पुन्हा वाचायला सांगितला.

दोन ठिकाणी ठेवा

प्रत काढली म्हणजे गोष्ट सुरक्षित झाली असे नाही. याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भिंतीचित्रांच्या नकला काढण्याचे काम मिळाले. त्यात त्याची कित्येक वर्षे गेली. नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. त्याही चित्रांपैकी बरीच चित्रे लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेली. याउलट गिलने काढलेल्या अजिंठा-वेरूळच्या छायाचित्रांचे एक पुस्तक १८६४ मध्ये निघाले होते. त्याच्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्या होत्या, म्हणून ती छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. रंगीत नकलांवर कष्ट जास्त झाले होते, पण त्या एकाच छपराखाली होत्या.

पवित्र शास्त्रात यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेमेला वेढा पडलेला असताना संदेष्टा अनाथोथ येथील शेत विकत घेतो आणि बारूखाला सांगतो की खरेदीखताच्या दोन्ही प्रती, मोहोर केलेली आणि उघडी, मातीच्या पात्रात ठेव, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. शत्रू दाराशी असताना तो शेताच्या कागदाची काळजी घेतो, कारण आपले लोक एक दिवस पुन्हा त्या भूमीवर घरे आणि शेते घेतील असा त्याचा विश्वास आहे. वस्तीवरच्या कागदांची काळजी घेताना आम्हाला हा अध्याय नेहमी आठवतो. जपून ठेवलेला कागद हाही विश्वासाचाच भाग आहे.

आता प्रत्येक कुटुंबाच्या कागदांची एक प्रत कार्यालयाच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवतो. तिसरी प्रत छापून कुटुंबाच्या हातात देतो. महिन्यातून एकदा डिस्क जोडून त्यातल्या काही फाइली उघडून पाहतो. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवायचा नाही, हे आम्ही महागात शिकलो.

मुलांचे फोटो

एक विनंती वेगळी करायची आहे. वसतिगृहाला भेट देताना आपण मुलांचे फोटो प्रेमाने काढता. वर सांगितल्याप्रमाणे मूळ फाइलमध्ये जागेची नोंद असू शकते. म्हणून मुलांचा फोटो सर्वांना दिसेल अशा ठिकाणी मूळ फाइल म्हणून टाकू नये, आणि नाव, वस्ती व चेहरा एकत्र देऊ नये. कागदाच्या फोटोत नोंदी जपायच्या, मुलांच्या फोटोत त्या काढून टाकायच्या. आपल्या अंकासाठी फोटो आधी कार्यालयाकडे द्यावेत. आम्ही पालकांना विचारून, नोंदी काढून मगच छापतो.

थोडक्यात

कॉपीसाठी येणाऱ्या मदतनिसांना आम्ही पाच गोष्टी सांगतो.

१. कागदाचा फोटो असेल तर फाइल कॉपी करा. पडद्यावरचे चित्र किंवा मेसेजवरची प्रत घेऊ नका.
२. बाहेर न्यायचे ते कॉपी करा, कट करू नका.
३. 'रिप्लेस' म्हणण्याआधी दोन्ही फोटो पाहा.
४. 'इजेक्ट' केल्याशिवाय पेन ड्राइव्हला हात लावू नका.
५. पेन ड्राइव्ह पुन्हा जोडा, आकार जुळवा, फाइल उघडा आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाहा.

ज्यांना लिनक्स घरी शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ विनामूल्य आहेत. त्यांत लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. पाठ ऐकत ऐकत तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. आपल्या वसतिगृहातील मोठी मुले ते पाठ पाहून शिकली, आणि आता स्कॅनिंगचे बरेच काम तीच करतात.

त्या मुलीचा अर्ज दाखल झाला आहे. निकाल अजून यायचा आहे. ऊसतोडीचा पट्टा पडला की चुलते परततील आणि मूळ कागद समितीपुढे दाखवता येईल. तिची बारावीची परीक्षा जवळ आली आहे. वस्तीवर वीज नसली की ती रात्री कंदिलावर अभ्यास करते.

प्रार्थनेसाठी विषय

• या मुलीचा अभ्यास, तिची परीक्षा आणि अर्जाचा निकाल.
• ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, त्यांचा प्रवास, आणि त्यांच्याबरोबर गेल्यामुळे शाळा बुडालेली मुले.
• जुने उर्दू व मोडी कागद वाचून देणारे वडीलधारे. त्यांना आरोग्य आणि चांगली दृष्टी लाभावी.
• स्कॅनिंग आणि नोंदीच्या कामासाठी विश्वासू, सावकाश काम करणारे हात.

आपल्या घरी वापरात नसलेली हार्ड डिस्क, चालू स्थितीतील स्कॅनर किंवा संगणक असेल तर कार्यालयाला अवश्य कळवा. देण्याआधी त्यातील आपल्या कुटुंबाचे फोटो मात्र स्वतःजवळ कॉपी करून घ्या, आणि उघडून पाहा.

प्रभूच्या सेवेत आपले,
खुलताबाद येथील सेवक